कात्रजचा हिवाळा वहीत उतरवताना

हिवाळ्याच्या निसर्गवहीला मुहूर्त हवाच असेल तर ५ नोव्हेंबर धरा. तो मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. पुढे आठवड्याने, १२ नोव्हेंबरला, सलीम अलींचा. या दोन तारखांच्या मधले दिवस २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. पण कात्रजकरांना मुहूर्ताचं खरं कारण टेकडीवरच दिसतं. पावसाळाभर हिरवंगार असलेलं गवत या सुमाराला पिवळं पडू लागतं, पहाटे तळ्यावर वाफ धरते, आणि विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या रांगेने बसलेल्या असतात. दिवाळीचा फराळ संपत आला की वही काढायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सचित्र निसर्गवही म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे विलायती नमुने येतात. एडिथ होल्डन या इंग्लिश बाईंनी १९०६ साली ठेवलेली वही १९७७ मध्ये छापून निघाली आणि जगभर खपली. सुरेखच आहे ती. मात्र तिथला हिवाळा वेगळा आणि आपला वेगळा. तिकडे जानेवारी म्हणजे झाडाझुडपांची झोप. आपल्याकडे याच महिन्यांत सगळ्यात जास्त हालचाल असते. उत्तरेकडचे पाहुणे पक्षी आलेले असतात, गवतं बी टाकत असतात, पानं झडलेल्या फांद्यांवर फुलं यायला लागतात. शिवाय पावसात कागद भिजतो आणि एप्रिलच्या उन्हात दहानंतर बसवत नाही. बाहेर बसून चित्र काढायला पुण्यात हेच चार महिने खरे.

सुरुवात जागेपासून करा, वहीपासून नाही. अर्ध्या तासात रमतगमत एक फेरी मारून होईल एवढाच टापू निवडा आणि चार महिने तोच धरून ठेवा. आज सिंहगड, पुढच्या रविवारी पाषाण, त्याच्या पुढे भिगवण असं केलंत तर वहीत सुंदर पानं जमतील, पण एका पानाचं दुसऱ्याशी काही नातं नसेल. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा गेलं की बदल दिसायला लागतो, आणि वही ठेवायची ती बदल टिपण्यासाठी. कात्रजमध्ये अशा जागांना तोटा नाही. तळ्याचा एक काठ घ्या, आंबिल ओढ्याचा एखादा तुकडा घ्या, जुन्या घाटरस्त्याचं एक वळण घ्या. फिरणं जमत नसेल तर सोसायटीची गच्ची, तिच्यावरून दिसणारी डोंगररांग आणि खालचं एक झाड एवढंही चालेल. कात्रज-कोंढवा रस्त्यावर रोज तासभर गाडीत अडकणाऱ्यांनी तिथल्या दुभाजकावरचं एक झाड निवडायला हरकत नाही. निरीक्षणाला वेळ नाही, असं त्यांना तरी म्हणता येणार नाही.

तळं निवडलंत तर त्याचा इतिहास पहिल्या पानावर दोन ओळींत लिहून ठेवा, कारण तोही त्या जागेच्या निसर्गाचाच भाग आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी शहराच्या पाण्यासाठी इथे बांध घातला आणि दगड-चुन्याच्या बंदिस्त नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेलं. आज त्या पाण्यावर जलपर्णी पसरते. तिची कड कुठवर आली आहे, हे महिन्याच्या पहिल्या रविवारी साध्या नकाशात रेखून ठेवा. चित्रकला अजिबात येत नसली तरी हे जमतं, आणि चार नकाशे शेजारी शेजारी आले की ती कड बोलायला लागते.

आता वही. महागडी, चामडी बांधणीची घेऊ नका. तिची भीती वाटते आणि पहिलं पान महिनाभर कोरं राहतं. अप्पा बळवंत चौकात मिळणारी जाड कागदाची साधी स्केचबुक उत्तम. कागद दीडशे जीएसएमच्या आसपास असला की हलका जलरंग पेलतो, मागे झिरपत नाही. आकार हातात उभ्याने धरता येईल एवढा, म्हणजे ए-फाइव्ह. एक एचबी पेन्सिल, एक टूबी, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं एक पेन, कॅम्लिनच्या रंगवड्यांची छोटी पेटी, एक गोल टोकाचा ब्रश, जुन्या सुती कापडाचा तुकडा आणि प्लास्टिकची सहा इंची पट्टी. पट्टी विसरू नका. खोडरबर मात्र मुद्दाम घरी ठेवा. चुकलेली रेष तशीच राहू दे, तिच्याशेजारी बरोबर रेष काढा. पक्ष्याची मान आधी किती जाड वाटली होती आणि नीट पाहिल्यावर किती निघाली, हे दोन्ही वहीत राहिलेलं बरं.

रंगपेटीतला हिरवा रंग हिवाळ्यात फारसा लागणार नाही. डोंगराचा रंग यलो ऑकर आणि किंचित बर्न्ट सिएना यांतून निघतो, सावलीला त्यातच थोडा निळा. ही मिश्रणं शेवटच्या पानावर चौकोन करून लावून ठेवा आणि शेजारी तारीख घाला. नोव्हेंबरचा पिवळा, डिसेंबरचा तपकिरी आणि फेब्रुवारीचा राखाडी असे तीन चौकोन एका ओळीत आले की ऋतूची वेगळी व्याख्या लागत नाही.

प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात काही गोष्टी न चुकता लिहा: तारीख, वेळ, नेमकी जागा, आकाश, वारा, तापमान. तिथी लिहायची सवय असेल तर फारच छान, चंद्र आपोआप नोंदला जातो. चित्र बिघडलं तरी हा कोपरा बिघडता कामा नये. तारीख नसलेलं सुंदर चित्र भिंतीवर लावता येईल. तारीख असलेलं वेडंवाकडं चित्र नोंद म्हणून वापरता येतं. मला विचाराल तर निसर्गवहीत मी दुसऱ्याला जास्त मान देईन.

तापमानासाठी वर्तमानपत्रातला आकडा उतरवू नका. तो बहुतेक वेळा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा असतो. १७ जानेवारी १९३५ ला तिथे १.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं होतं, असे विक्रम तुमच्या बाल्कनीत होणार नाहीत. एक साधा तापमापक घ्या, सावलीत आणि भिंतीपासून थोडा दूर टांगा, रोज एकाच वेळी वाचा. शक्य असेल तर एकदा तळ्याच्या काठावर आणि त्याच पहाटे घाटात चढून वर, असे दोन आकडे घेऊन पाहा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन खोलगट भागात उतरते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. म्हणून कधी कधी घाटात वर कमी थंडी वाजते. सकाळी बोगद्याच्या अलीकडून शहराकडे पाहिलं तर धूर आणि धुकं एका सपाट रेषेत अडकलेलं दिसतं, ते याच झाकणाखाली. ही रेषा काढायला दोन मिनिटं लागतात: वर डोंगर, खाली इमारतींची टोकं, मधे आडवा राखाडी पट्टा. पट्टा किती वाजता विरला, ते शेजारी लिहा.

सोसायटीच्या गच्चीवरून आणखी एक चित्र चार महिने चालू ठेवता येतं. पश्चिमेची क्षितिजरेषा एकदाच, सावकाश, आडव्या दुमडत्या पानावर काढून घ्या: डोंगर, मोबाइलचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, सगळं. मग दर आठवड्याला सूर्य नेमका कुठे टेकला तिथे टिंब आणि तारीख. टिंबं डावीकडे, सिंहगडाच्या दिशेने सरकत जातील. २१-२२ डिसेंबरच्या सुमाराला अडखळतील आणि मग मागे फिरतील. बरोबर वेळाही लिहिल्यात तर पंचांगवाल्यांना नवी नसलेली, पण बाकीच्यांना चकवणारी गोष्ट हाती येईल. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात, सुमारे अकरा तासांचा. पण पुण्यात सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्याही थोडा आधी. आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर, सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. संक्रांतीनंतर शाळेला जाणाऱ्या पोरांना अंधारातच का उठावं लागतं, याचं उत्तर या टिंबांत आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरातला माझा सर्वांत आवडता विषय मात्र पायजम्याला चिकटून आपणहून घरी येतो. टेकडीवर जाऊन आलात की पायांत अडकलेली कुसळं उपटून फेकू नका. एक पूर्ण कुसळ पांढऱ्या कागदावर ठेवा, बाजूला पट्टी ठेवा आणि दुप्पट-तिप्पट मोठं करून काढा. खालचं टोक सुईसारखं. भिंग धरलंत तर त्यावर तांबूस केस दिसतील, सगळे मागे वळलेले. त्यामुळे ते आत जातं पण उलट निघत नाही, हे तुमच्या मोज्याला माहीत आहेच. त्याच्या वर लांब काळपट शेपूट, खालच्या भागात दोरीसारखं पिळलेलं आणि वर कोनात वाकलेलं. पीळ मोजा. चित्र झालं की ब्रशने त्या पिळावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि हात बाजूला घ्या. काही क्षणांतच शेपूट फिरायला लागतं. पीळ उलगडत जातो आणि वाकलेलं टोक घड्याळाच्या काट्यासारखं कागदावरून गोल जातं. ते फिरत असताना दोन-तीन झटपट रेखाटनं करा, बाणाने दिशा दाखवा, वेळ लिहा. उन्हात ठेवा, वाळलं की पुन्हा पीळ भरतो. रात्री दव, दिवसा ऊन, असं रोज होत राहतं आणि बी स्वतःला जमिनीत गुंतवून घेतं. जूनच्या पावसाची सोय डिसेंबरातच चाललेली असते. एवढा एक प्रयोग लहान मुलांबरोबर केलात तर निसर्गवही म्हणजे काय हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

पक्षी काढायला लोक घाबरतात, कारण ते थांबत नाहीत. म्हणून सुरुवात थांबणाऱ्यांपासून करा. तळ्याकाठी पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा हा फुकटचा मॉडेल आहे. वंचक तर पाण्याच्या कडेला पुतळ्यासारखा उभा राहतो. हिवाळ्यात त्याच्या मानेवर तपकिरी रेघा असतात, पावसाळा जवळ आला की त्या जाऊन पाठ लालसर होते. आधी फक्त बाहेरची आकृती काढा, तपशील नंतर. डोकं अंगाच्या किती भाग आहे, चोच डोक्याएवढी की मोठी, शेपूट पंखाच्या पुढे येते का, एवढे तीन प्रश्न मनात विचारले की हात बरोबर फिरतो. पाण्यात काळा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला पक्षी दिसला तर तो वारकरी. जलपर्णीवर लांब पाय टाकत चालणारी, लाल चोचीची आणि निळसर अंगाची असेल ती जांभळी पाणकोंबडी. पाण्याखालचे पाय दिसत नाहीत तर काढू नका. जे दिसलं नाही ते पुस्तकात पाहून पूर्ण करण्याचा मोह फार वाईट.

हिवाळी पाहुण्यांत रंगापेक्षा सवयी जास्त उपयोगी पडतात. धोबी चालता चालता शेपूट खाली-वर आपटतो. थिरथिरा एका जागी बसून शेपूट थरथरवतो. अंगणातल्या भिंतीवर, पत्र्यावर, बांधकामाच्या विटांवरही येऊन बसतो. दोघांची चित्रं साधी असू द्या, पण शेपटीशेजारी हालचालीचे बाण हवेत. झुडपात राहणाऱ्या वटवट्यांच्या नादी मात्र पहिल्या वर्षी लागू नका. सगळे मातकट, सगळे चिमुकले, आणि नीट बघावं तर पानाआड. चांगल्या चांगल्या पक्षीनिरीक्षकांना ते कात्रजचा घाट दाखवतात. ‘वटवट्या, नेमका कोणता कळला नाही, आवाज चक्-चक्’ ही पूर्ण सन्मान्य नोंद आहे. फोटो काढायचा तर ओळख पटवण्यापुरता. मोबाइलच्या पडद्यावरून चित्र काढायला लागलात की पाहण्याचं काम मोबाइल करतो, तुम्ही फक्त नक्कल करता.

हात अजून बिचकत असेल तर एक सकाळ राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात घालवा. बुधवारी ते बंद असतं. इथल्या सर्पोद्यानाची सुरुवात १९८६ ची, नीलमकुमार खैरे यांनी केलेली; पुढे पेशवे पार्कमधले प्राणी इकडे आले. पिंजऱ्यातला प्राणी ही निसर्गाची नोंद नव्हे, तशी ती वहीत मिसळूही नका. पण सरावाला तोड नाही, कारण प्राणी तीच चाल, तीच बैठक पुन्हा पुन्हा करतो. एका पानावर पाच-सहा अर्धवट चित्रं सुरू करा आणि प्राणी जी ढब घेईल त्या चित्राकडे वळा. थंडीत मगरी हमखास सापडतात. शरीर तापवायला त्यांना ऊन लागतं, म्हणून सकाळी त्या काठावर येऊन पडतात, कधी जबडा उघडा टाकून. एवढं निश्चल मॉडेल चित्रशाळेतही मिळत नाही.

हे काही नवं खूळ नाही, बरं का. सवाई माधवरावांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या प्राण्यांची चित्रं गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने काढली. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटने त्याला कामं दिली. पुढे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबरही त्याने काम केलं. गंगारामने काढलेला गेंडा आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे, आणि त्या चित्राच्या नावातच महिना-साल आलं आहे: नोव्हेंबर १७९०. प्राणी कोणता, कुठला, कधीचा, या तिन्ही गोष्टी दोनशे वर्षांहून जास्त काळाने आपल्याला कळतात त्या एवढ्याशा ओळीमुळे. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांचं. ते स्वतः उत्तम रेखाटनं करत. वानरांच्या टोळ्यांवरचं ‘सत्तांतर’ वाचताना लिहिणाऱ्या माणसाला आधी चित्रकाराची नजर होती हे जाणवत राहतं.

झाडांचं म्हणाल तर एकच झाड घ्या आणि दर पंधरा दिवसांनी त्याच फांदीचं टोक काढा. झाड आखीवरेखीव काढत बसू नका, कळीचं टोक काढा. रस्त्याकडेचं बुचाचं झाड नोव्हेंबरात खाली पांढऱ्या फुलांचा सडा घालतं, मुलांना ती दांडीची लांब फुलं काढायला सोपी जातात. डिसेंबरअखेर टेकड्यांवर पानगळ चढते. मग जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर, पांगारा आणि त्यांच्या मागोमाग पळस. वनखात्याने लावलेला गिरिपुष्पही याच वेळी बिनपानांच्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुलतो. देशी झाडांचा कैवार घेणारे त्याच्यावर नाक मुरडतात, तरी वहीत त्याला जागा द्या, कारण तो तिथे आहे. सावर फुलली की चित्र फुलाचं काढा आणि यादी पाहुण्यांची करा: मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, खारी. गुलाबी अंगाच्या भोरड्यांचा थवा येऊन पडला तर चित्र सोडा, फक्त मोजा. संक्रांतीच्या सुगडात घालायला आणलेली बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि उसाचं कांडं हाही हिवाळ्याचाच नमुना आहे. वाणाला जाण्याआधी घाट्याचं एक चित्र होऊन जातं.

फेब्रुवारीत एक नकोशी नोंद करावी लागते. वणवे. टेकडीचा कुठला भाग काळा पडला, ते क्षितिजरेषेच्या त्याच चित्रात राखाडी रंगाने भरा आणि तारीख घाला. उतार फोडून नवं बांधकाम आलं असेल तर तेही. कात्रजच्या डोंगरांचा आकार गेल्या काही दशकांत कसा बदलला याची तारीखवार चित्रं कुणी ठेवली असती तर आज सभांमध्ये नुसतं आठवणींवर बोलावं लागलं नसतं.

बाहेर पडताना थोडं तारतम्य हवं. घाटाकडे किंवा सिंहगडाच्या वाटेला पहाटे-संध्याकाळी एकट्याने जाऊ नका. बिबट्याचा वावर आहे आणि माणसांचाही भरवसा नसतो. घरट्याजवळ जाऊन बसायचं नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. खाली पडलेलं फूल घ्या, झाडावरचं राहू द्या.

काही दिवशी काहीच दिसणार नाही. त्या दिवशीही पान करा: तारीख, वेळ, हवा आणि ‘धोबी नाही’ एवढंच. धोबी कधी गेला हे पुढे याच ओळींवरून शोधता येतं. फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना असते. पंधरा मिनिटं एका जागी बसून मोजलेले पक्षी ई-बर्डवर टाकता येतात. तोवर तुमचा डोळा तयार झालेला असेल, आणि तुमच्या टापूची यादी दुसऱ्या कुणाकडे नसेल.

एक सूचना आधीच द्यायला हवी होती, पण ती पटण्यासाठी एवढं सगळं सांगणं भाग होतं. पहिल्या दिवसापासून फक्त उजव्या हाताच्या पानावर काम करा. डावं कोरं ठेवा, मोह झाला तरी. होळीच्या सुमाराला पानांना आकडे घाला, शेवटी झाडा-पक्ष्यांच्या नावांची सूची करा आणि वही कोरड्या जागी ठेवा. पुढच्या ५ नोव्हेंबरला नवी वही आणू नका. हीच उघडा, त्याच फांदीपाशी जा आणि त्याच तारखेच्या समोरच्या कोऱ्या पानावर काढायला सुरुवात करा.